न झिजलेले मूळ

माणसाच्या देहात खोटे न बोलणारे काही असेल, तर ते दातावरचे कवच, असे जिंगचे वडील म्हणत. हाडे आयुष्यभर झिजतात आणि भरून येतात, कातडी पालटते, केसांचा रंग तर बाजारात विकत मिळतो. दातावरचे ते काचेसारखे पांढरे कवच मात्र बालपणी एकदा घडते आणि पुन्हा कधी घडत नाही. वडील हे सांगत तेव्हा त्यांच्या हातात कुणाचा तरी जबडा असे. त्यामुळे ऐकणाऱ्याला हो किंवा नाही म्हणण्याची सोय नसे.

वडील गेल्या हिवाळ्यात गेले. साताऱ्याच्या जुन्या पेठेतल्या त्या घरावर ‘चिनी दवाखाना’ ही पाटी तेवढी उरली आणि आत जिंग उरला. तो दंतवैद्य नव्हता, दात घडवणारा होता. दूरदूरच्या डॉक्टरांकडून जबड्यांची मापे पडद्यावर येत, यंत्र थराथराने दात छापी आणि जिंग त्यावर बारीक कोरणीने शेवटचा हात फिरवी. ज्या तोंडांसाठी तो राबे, त्यांचे चेहरे त्याला कधी दिसत नसत. कित्येकदा संध्याकाळी स्वतःचाच आवाज ऐकून तो दचके, कारण सकाळपासून तो वापरलेलाच नसे.

माडीवर, खिडकीशेजारच्या फळीवर, चिनी मातीच्या झाकणाच्या डब्या ओळीने ठेवल्या होत्या. जिंगच्या ल्याव घराण्याची ही चाल खापरपणजोबांनी, देफू यांनी पाडली. घरातला पुरुष गेला की माती देण्याआधी त्याच्या एक-दोन दाढा काढून ठेवायच्या. देह काही परत जाऊ शकत नाही, पण दात कधीतरी कुणाच्या खिशातून मूळ गावी पोहोचेल, ही त्यामागची आशा. गंमत अशी की देफूंची स्वतःची डबी नव्हती. दुसऱ्यांचे दात उपटत हिंडलेल्या त्या माणसाच्या तोंडात मरताना स्वतःचा एकही दात शिल्लक नव्हता. ओळीत सर्वांत आधी पणजोबा वेनहाय यांच्या दुधाच्या दाढेची इवलीशी डबी, मग त्यांच्याच मोठेपणीच्या दोन दाढांची, मग आजोबांची आणि शेवटी वडिलांची. वडिलांची दाढ जिंगने स्वतः काढली होती.  

या डब्यांची कहाणी घरात सणासारखी सांगितली जाई. देफू चीनमधल्या यांगत्सेच्या खोऱ्यातले फिरते दंतवैद्य. युद्ध आणि पूर यांच्या कचाट्यात बायको गेली, तेव्हा पाच-सहा वर्षांच्या वेनहायला घेऊन ते पायी निघाले. युन्नानचे डोंगर, ब्रह्मदेशाची राने. पणजोबा वेनहाय ही वाट सांगत ती अशी, की ऐकणाऱ्याच्या पायाला फोड यावेत. बापाच्या पेटीचा पट्टा धरून चालणे, खेचराच्या गळ्यातली घंटा, भाजलेल्या रताळ्याची साल आणि शेवटी पावसाने फुगलेली एक तांबडी नदी, तिच्यावरचा बांबूचा तराफा. “मग आम्ही साताऱ्याला आलो,” असे म्हणून ते चहाचा घोट घेत. नदीनंतर थेट सातारा. लहानपणी जिंगला वाटे, ती नदी ओलांडली की पलीकडे साताऱ्याचा राजवाडा चौकच असणार.

आणि आता ती वाट खरोखर दिसण्याची वेळ आली होती.

‘जलरेखा’ हे यंत्र निघून फार वर्षे झाली नव्हती. त्याचे तत्त्व साधे होते. पाणी ज्या खडकातून झिरपते त्याची खूण सोबत घेऊन येते. स्ट्रॉन्शियम नावाचे एक मूलद्रव्य आहे, त्याचे हलके आणि जड असे प्रकार असतात. जुनाट खडकांत जड प्रकार साचत जातो. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणासारख्या, लाव्हा थिजून झालेल्या खडकांत तो कमी असतो. मूल जे पाणी पिते, त्यातले हे प्रमाण त्याच्या घडत्या दातांच्या कवचात बंद होते. पहिली दाढ तान्हेपणीचे पाणी धरून ठेवते, अक्कलदाढ जाणत्या वयाचे. शंभर वर्षांनीही दाताला विचारले, की हे तोंड कुठल्या नदीवर वाढले, तर तो सांगतो. शिवाय कवचाच्या आतल्या भागात जनुके सुरक्षित राहतात, त्यांतून बापाकडचा वंश वाचता येतो. पाणी आणि रक्त, दोन्हींची साक्ष एका दाढेत.

या शोधाने जगाची झोप उडवली. लग्नाच्या बैठकीत पत्रिकेआधी आजोबांच्या दाढेचा अहवाल मागितला जाऊ लागला. आपण उत्तरेतून घोड्यावरून आलो असे पिढ्यानपिढ्या सांगणाऱ्या एका बड्या घराण्याचे मूळ शेजारच्याच ओढ्यावर निघाले, तेव्हा त्यांनी यंत्रावर खटला भरला.

पण सगळ्यांत मोठे काम आरंभले ते चीनमधल्या कुलसंघांनी. ल्याव कुळाच्या मूळ गावी पूर्वजांचे देवघर होते, आणि त्याच्या मागच्या भिंतीवर आता प्रकाशाचा एक नकाशा उजळत असे. मृताचा दात आला की त्याची रेघ उमटे. कुळ उत्तरेतल्या पिवळ्या नदीकाठून दुष्काळात कसे सरकले, यांगत्सेच्या खोऱ्यात कसे रुजले, तिथून मलाया, कोलकाता, पेरूपर्यंत कसे पांगले, ते सारे नदीच्या फाट्यांसारखे त्या भिंतीवर वाहत होते. हिंदुस्थानकडे जाणारा एक फाटा तेवढा अंधारा होता.

“तो तुमचा आहे, भाऊ,” शूलान म्हणाली होती.

शूलान त्या भिंतीची राखणदार. ती चिनी बोले आणि जिंगच्या कानातला अनुवादक तिच्याच आवाजात मराठी करी. पण ते मराठी एखाद्या वृत्तनिवेदिकेचे वाटे. शूलान हसली तरी बातम्या चालू असल्यासारखे वाटे. तरीही वडील गेल्यानंतर जिंगला आपुलकीने हाक मारणारा तो एकमेव नियमित आवाज होता.

“तुमच्या पणजोबांच्या दोन्ही दाढा पाठवा,” ती म्हणाली होती. “असा प्रवासी आमच्याकडे दुसरा नाही. पहिल्या दाढेत आमचं पाणी, अक्कलदाढेत तुमचं. रेघ आपोआप उमटेल.”

“माझा नमुना नको?”

“जिवंतांची तपासणी कुलसंघ करत नाही. जिवंत माणसं निकालावर भांडतात.”

मग तिने चिंगमिंगच्या सणाविषयी सांगितले. वसंतात सारे कुळ पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करायला जमते आणि मग एकत्र जेवते. गोल मेजांवर पिढीनुसार बसायचे. ल्याव कुळाची एक जुनी कविता आहे. तिच्यातला एकेक शब्द एकेका पिढीच्या नावात येतो. ‘जिंग’ हा त्याच्या पिढीचा शब्द. त्या मेजावर बसणारे सगळेच जिंग.

“तुमची खुर्ची राखून ठेवली आहे. तुम्हाला काका म्हणणारी मुलंही आहेत. तयारीत या, फार आगाऊ आहेत.”

त्या दिवशी जिंगने घरात एकट्याने ती कविता मोठ्याने म्हटली. वडिलांनी ती पाठ करून घेतली होती, त्यांच्या वडिलांनी त्यांच्याकडून, आणि वेनहायांनी त्यांच्याकडून. अर्थ निम्मा कळत नव्हता. पण एका मेजाभोवती आपल्याच नावाची माणसे बसली आहेत आणि मध्ये एक खुर्ची रिकामी आहे, हे चित्र त्याच्या मनातून हलेना. शाळेत त्याला ‘ए चिनी’ म्हणत. पुढे लोक सभ्य झाले आणि ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारू लागले. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून दाखवता येईल अशी एक खुर्ची त्याला हवी होती.

उज्ज्वलाकाकू कवळीचे माप द्यायला आल्या तेव्हा त्याने हे त्यांना सांगितले. त्या शेजारच्या पेढ्यांच्या दुकानाच्या मालकीण, सत्तरीच्या पुढच्या, आणि त्याच्या कामात समोर बसणारा बहुधा एकमेव चेहरा.

“म्हणजे तू जाणार,” त्या म्हणाल्या. “माझी कवळी करून जा हो. नाहीतर तिकडे काका होशील आणि मी इकडे बोळकं घेऊन बसेन.”

“परत येईन, काकू.”

“सगळे असंच म्हणतात. तुझा पणजा मला आठवतो. मी परकरी पोर होते. दाढ उपटली माझी त्यानं. रडले तर म्हणाला, ‘गप ए भवाने, बैलागत काय हंबरतीस.’ अस्सा बोलायचा, थेट वाईच्या वरच्या अंगाचं. माझी आजी म्हणायची, हा चिनी कुठल्या वाडीत उगवला कोण जाणे.”

जिंग हसला. ते वाक्य त्याने कोरणीच्या भुशासारखे फुंकून टाकले.

जिंगने दोन्ही दाढा पाठवल्या. निकाल सांगायला शूलानचा फोन आला तेव्हा दुपार होती. नेहमीचे कुशलप्रश्न तिने विचारले नाहीत.

“भाऊ, डब्यांची अदलाबदल तर झाली नाही ना?”

“नाही. प्रत्येक झाकणावर नाव आहे.”

“दोन्ही दाढा एकाच माणसाच्या आहेत, हे नक्की. पण दोन्हींत पाणीही एकच आहे.” ती थांबली. अनुवादकही थांबला. “काळ्या पाषाणातलं. नकाशा सह्याद्रीच्या पूर्व उतारावर बोट ठेवतो. कृष्णेचं वरचं खोरं. जन्मापासून अक्कलदाढेपर्यंत हा माणूस तिथून हललेला नाही.”

“पण ते चालत आले होते,” जिंग म्हणाला. वाक्य उच्चारताना त्याला आपण लहान झाल्यासारखे वाटले. “खेचराच्या गळ्यात घंटा होती.”

“रक्तही जुळत नाही. बापाकडचा वंश आमचा नाही. आसपासच्या कुळांचाही नाही. तो तुमच्याकडचा आहे, दख्खनचा.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होते. ती बराच वेळ टिटटिट करत राहिली.

“माझा चेहरा बघा ना, ताई,” जिंग शेवटी म्हणाला.

“बघते आहे. तो तुमच्या पणजीचा असेल, आजीचा असेल, आईचा असेल. त्या सगळ्या चिनीच होत्या. पण भिंतीवर बायकांच्या रेघा नाहीत. माझीही नाही. मी फक्त ती पुसते.”

फोन ठेवल्यावर जिंग माडीवर जाऊन बसला. आरशात पाहावेसे त्याला वाटले नाही. उरलेल्या डब्या त्याने एकेक करून उघडल्या. काही शोधायचे म्हणून नव्हे, ज्यांना विचारावे अशी तेवढीच माणसे घरात होती म्हणून. पहिल्या, इवल्या डबीत दुधाची दाढ होती. लहानपणी वडील ती त्याच्या तळहातावर ठेवत आणि म्हणत, बघ, पणजोबाही एकदा तुझ्याएवढे होते.

त्याने ती चिमट्यात धरून उजेडाकडे नेली. मग कामाचा भिंगाचा चष्मा लावला.

दाढेला मुळे होती. टोकापर्यंत पूर्ण, निमुळती, बाकदार.

दात घडवण्यातच त्याचे आयुष्य गेले होते, आणि ही दाढ त्याने कित्येकदा हाताळली होती. पण घरची वस्तू म्हणून तो ती पाहत आला, दात म्हणून त्याने ती कधी पाहिलीच नव्हती. दुधाचा दात आपणहून पडतो तेव्हा त्याला मूळ उरत नाही. खालून येणारा पक्का दात ते हळूहळू विरघळवतो. हातात येते ते फक्त वरचे टोपण. ही दाढ पडलेली नव्हती. काढलेली होती. तिला कीड नव्हती, डाग नव्हता, चीर नव्हती. जिवंत मुलाच्या तोंडातून अशी निरोगी दाढ मुळासकट कुणी काढत नाही. आणि काढणारा दंतवैद्य होता. शिवाय बाप होता.

घरातली ती चाल कुठून सुरू झाली, ते जिंगला तेव्हा समजले. देह परत जाऊ शकत नाही, हे देफू प्रथम कुणाविषयी म्हणाले असतील, तेही समजले.

शूलानला त्याने दाढेचे चित्र पाठवले आणि आपला तर्क सांगितला. एक वेनहाय वाटेत गेला. बाप एकटाच पुढे आला, साताऱ्याला पोहोचला. त्याला कुठेतरी एक मूल भेटले, त्याच वयाचे, बहुधा त्याच्यासारखेच एकटे. बापाने त्याला मुलाचे नाव दिले, पिढीचा शब्द दिला, कविता दिली. वाटसुद्धा दिली. ती इतक्यांदा सांगितली की पोराच्या पायांना ती आठवू लागली. ते पोर कुणाचे, कुठल्या वाडीचे, कसे पोरके झाले, हे दात सांगत नाही.

शूलानने चित्र मोठे करून दाढेची मुळे पाहिली.

“ही दाढ आमची निघेल,” ती म्हणाली. “पाणीही, रक्तही.” मग आवाज उतरवून पुढे म्हणाली, “भाऊ, मोठ्या दाढांचा निकाल अजून फक्त मी पाहिला आहे. नमुना खराब निघाला, असं रोज कितीतरी जणांना कळवते. ही दुधाची दाढ पणजोबांची म्हणून पाठवा. ती त्यांचीच आहे असं तुमच्या घरात सगळे मानत आलेच आहेत. नाव एकच. रेघ उमटेल, आणि तुमची खुर्ची तुमची.”

“आणि खरं सांगितलं तर?”

“तर वेनहाय हे नाव त्या मुलाला परत मिळेल. एका नावाला दोन जागा भिंत देत नाही. त्याची रेघ वाटेत संपेल. पुढं तुमचं कुणीच नाही.”

“मोठ्या वेनहायांचं नाव काय मग?”

“ते यंत्राला माहीत नाही.”

जिंगने काही दिवसांची मुदत मागितली. खुर्ची त्याला दिसत राही. एक खोटे बोलायचे, तेही आजवर खरे मानलेलेच बोलायचे, त्यात काय जाते? उज्ज्वलाकाकूंची कवळी बसवून पाहताना त्याने सगळी हकीकत सांगून टाकली. काकूंच्या तोंडात कवळी असल्यामुळे त्यांना मध्ये बोलता आले नाही, हे बरेच झाले.

कवळी काढून त्या म्हणाल्या, “म्हणजे तुझा पणजा आपल्यातलाच.”

“हो.”

“मग बासष्टला बोलला का नाही?”

जिंगने कवळी खाली ठेवली. त्या वर्षी, चीनशी झालेल्या युद्धात, पोलीस आले होते. वेनहायांना, बायकोला आणि लहानग्या आजोबांना चिनी म्हणून उचलून राजस्थानातल्या छावणीत नेले होते. काही वर्षांनी ते परतले तेव्हा दवाखान्याचे दार फोडलेले होते. ही गोष्ट घरात कधी रंगवून सांगितली गेली नाही.

“एक शब्द बोलला असता तर सुटला असता,” काकू म्हणाल्या. “मी इथलाच, कृष्णाकाठचा. तोंड उघडलं असतं तरी कळलं असतं की रे लोकांना. असं बोलायचा तो.”

“पणजी चिनी होती. तिला नेलंच असतं.”

“ते आहेच. बायकापोरांना सोडून जायचा नाही तो.” काकू कवळीकडे पाहत राहिल्या. “पण नुसतं तेवढंच नसेल.”

नव्हतेच. मी वेनहाय नाही, असे तो माणूस म्हणाला असता, तर त्याच क्षणी देफूंचा मुलगा दुसऱ्यांदा मेला असता. म्हाताऱ्याने डोंगर ओलांडून आणलेले नाव त्याने काटेरी तारेच्या आतही खाली ठेवले नाही. जिंगला वाटले, ते त्याने आयुष्यभर सांभाळले. आपले करून टाकण्यासाठी नव्हे, कधीतरी ज्याचे त्याला द्यायचे म्हणून. डब्यांच्या ओळीत त्या मुलाची डबी पहिली ठेवून आपल्यासाठी मागची जागा राखणारा तोच असणार.

त्या संध्याकाळी जिंगने शूलानला सांगितले, “ताई, दाढ पाठवत नाही. घेऊन येतो.”

चिंगमिंगला ते गाव धूप आणि ओल्या मातीच्या वासाने भरलेले होते. जिंग तिथे पोहोचला तेव्हा कुळातली माणसे टेकडीवर थडगी झाडायला गेली होती. देवघरात शूलान एकटीच होती. पडद्यावर दिसे त्यापेक्षा ती ठेंगणी होती, आणि कानातल्या अनुवादकाशिवाय तिचे शब्द पाण्यासारखे नुसतेच वाहत गेले. त्याने यंत्र कानात बसवले.

“मेजावर बसणार नाही ना?” तिने विचारले.

“नाही.”

तिने पुन्हा विचारले नाही. दाढेचा निकाल दोघांनाही ठाऊक होता. तो तसाच निघाला. भिंतीवर गावाच्या ठिपक्याशी एक बारीक रेघ जन्मली, नैर्ऋत्येकडे निघाली, डोंगर चढली. शेजारी चिनी अक्षरे उमटली. ल्याव वेनहाय. आयुष्यभर घरात ऐकलेले नाव एका परक्या मुलाला चिकटताना पाहून जिंगला आपलेच काही काढून घेतल्यासारखे वाटले. मग वाटले, परका तो नाही.

“पुढं दाढ काही सांगत नाही,” शूलान म्हणाली. तिचे बोट काचेवर थांबले होते. “रेघ कुठं थांबवू? साधारण सांगितलं तरी चालेल. नाहीतर सीमेवर थांबवते.”

जिंगने डोळे मिटले. पेटीचा पट्टा, घंटा, रताळ्याची साल. प्रत्येक गोष्टीला वास होता, आवाज होता. आणि मग तराफा, आणि त्यानंतर थेट सातारा. नदीच्या अलीकडचे सगळे म्हाताऱ्याने पोराला पुन्हा पुन्हा सांगितले होते. पलीकडचे त्याच्याने सांगवले नव्हते.

“ब्रह्मदेशात एक तांबडी नदी असेल,” तो म्हणाला. “नाव माहीत नाही. तिच्यापर्यंत.”

शूलानने नकाशा मोठा केला, शोधले, वाटेवरची एक नदी निवडली आणि रेघ तिच्या काठाशी आणून ठेवली. पलीकडे काळोख होता. टेकडीवरून उतरणाऱ्या मुलांचा गलका ऐकू येऊ लागला तेव्हा जिंगने इवली डबी वेदीवर ठेवली, वाकून नमस्कार केला आणि बाजूच्या दाराने बाहेर पडला. मेजे मांडली जात होती. कोणती खुर्ची आपली होती, हे त्याने विचारले नाही.

साताऱ्यात परतल्यावर तो दफनभूमीत गेला. कोपऱ्यातल्या पणजोबांच्या दगडावर दोन लिप्यांत कोरलेले नाव तसेच होते. ते त्याने पाण्याने धुतले आणि तसेच राहू दिले. माडीवर, पणजोबांची परत आणलेली डबी जागेवर ठेवल्यावरही ओळीत पहिली जागा मोकळी होती. ती त्याने भरली नाही. बाकीच्या डब्याही सरकवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाकाकू कवळी घासून घ्यायला आल्या. खुर्चीत मागे टेकत त्यांनी विचारले, “काय रे, भेटले का तुझे लोक?”

“एकाला घरी सोडून आलो.”

काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिले. “आणि तू?”

जिंगने नळ सोडला. नळाला कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी होते, काळ्या पाषाणातून झिरपून आलेले. त्याने पेला भरला, उजेडाकडे धरून क्षणभर पाहिला आणि काकूंच्या हातात दिला.

“चूळ भरा,” तो म्हणाला.